दूधसागरावर वीज का करू नये?

कुळेकर
एप्रिलात कर्नाटकात जोगचा धबधबा बघायला गेलेलो. राजा, राणी, रोअरर, रॉकेट अशी चारही धारांची नावं पाठ. समोर काय, तर काळा कातळ आणि कडेने ओघळणारं दोन बोटं पाणी. तिथली शरावती नदी १९६४ पासून लिंगनमक्कीच्या धरणात अडते. गाईड म्हणाला, "ऑगस्टात या." वाईट वाटलं, पण तिथल्या एका केंद्राची क्षमता १०३५ मेगावॉट! आपले गोव्यातले पंखे परराज्यातल्या कोरबा-विंध्याचल केंद्रांच्या कोळशावर फिरतात आणि ३१० मीटरचा दूधसागर नुसता फोटोला.

वायरमन
उंची बघून हुरळू नका. सेकंदाला एक घनमीटर पाणी ३०० मीटर खाली आलं तर मिळते जेमतेम अडीच मेगावॉट. मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर तापून लाईट जाते, तेव्हा दूधसागराला धार किती असते ते तुमच्याच गावच्या जीपवाल्याला विचारा. बारमाही वीज हवी तर वरच्या अंगाला धरण हवं. वर कर्नाटक.

माशेलकरीण
२०१८ च्या म्हादई पाणीवाटप लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळालं, त्यातलं ८.०२ वीजनिर्मितीसाठी. तेव्हा आपण छाती बडवून घेतली, आता आपणच धरण मागायचं? आणि दूधसागराचं हेच पाणी पुढे खांडेपार नदीतून ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तिथून फोंडा-पणजीच्या नळांना.

कुळेकर
ताई, वीज पाणी पीत नाही. टर्बाइन फिरवून ते परत नदीतच जातं.

माशेलकरीण
कुठल्या नदीत, ते विचारा. कोयना कृष्णेची उपनदी, पण तिचं पाणी पोफळीला वीज करून कोकणातल्या वाशिष्ठीत सोडतात, कृष्णेत नाही.

कुळेकर
तिथे घाटाखाली दुसरी नदी आहे म्हणून. इथे पायथ्याशी सोडलं की तीच नदी. कोयना इथे लागू होत नाही.

वायरमन
हे मात्र बरोबर. पण पाइपातून उतरवलेलं पाणी कड्यावरून पडणार कसं? एकच पाणी दोनदा पाडता येत नाही, भाऊ. आणि पायथा म्हणजे मोलेचं अभयारण्य. पॉवरहाऊस आलं की रस्ता आला, टॉवर आले. तिथून जाणाऱ्या ४०० केव्हीच्या वीजलाईनवरून २०२० मध्ये केवढं रान उठलं होतं! तिथल्याच रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. (रूळ तर तिथे पोर्तुगीज काळापासून आहेत, तरीही.) नव्या पॉवरहाऊसला कोण हो म्हणेल?

काणकोणकर
छपरावर पॅनेल टाका आणि गप बसा. आठ महिने ऊन फुकट.

कुळेकर
आणि उरलेले चार महिने? पॅनेलवर शेवाळ धरतं तेव्हाच दूधसागर फुगलेला असतो. मी धरण मागतच नाही. जून ते सप्टेंबर, तेही थोडाच वाटा वळवायचा. तेव्हा जीप बंद असतात, धबधबा बघायला असतं कोण?

माशेलकरीण
आगगाडीतले सगळे. पुलावर गाडी आली की अख्खा डबा त्या बाजूच्या खिडक्यांना चिकटतो, अंगावर तुषार घेत. कुळ्याचे असून विसरलात?