बाळंतिणीचं जेवण: कमी खर्चात काय, आणि आईला पटवायचं कसं?

वहिनीला बाळंत होऊन 18 दिवस झाले. साधी डिलिव्हरी, शुगर-बीपी नाही, पण हिमोग्लोबिन 9. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. बाळ अंगावरच पितं.

ताटात रोज मऊ भात, तूप आणि लसणाची चटणी. डाळीने बाळाला वायू होतो, पालेभाजीने पोट बिघडतं, पाणीसुद्धा मोजूनच, असं आईचं म्हणणं. आशाताईंनी दोनदा समजावलं. "माझी चार बाळंतपणं अशीच झाली" यावर विषय संपला. अंगणवाडीचा आहार घरात सगळेच खातात, तिच्या वाट्याला वाटीभर. (आई दुष्ट नाही हो, ती स्वतः शेवटी बसून उरलंसुरलं जेवते.)

भाऊ रोजंदारीवर, त्यामुळे डिंक, बदाम, खारीक परवडत नाही. हळिवाचे लाडू केले, चार दिवसांत संपले. अंडी घरात चालतात, पण सव्वा महिना नाही.

मी भांडून परत कामाच्या गावी जाईन, ऐकून वहिनीलाच घ्यावं लागेल. म्हणून आईला "आपल्यातलंच" वाटेल असं सांगा: नाचणी, तीळ, बाळंतशेपा, मुगाचं कढण यांतलं काय, किती द्यायचं आणि दिवसाला 40-50 रुपयांत कसं बसवायचं?