एकच इस्ट्रोजेन एलएचला आधी रोखते आणि मग उसळवते, हे कसे?

केतकी:
नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मासिक पाळीच्या चक्राचा आलेख फळ्यावर काढला, की दरवर्षी एखादा विद्यार्थी नेमके बोट ठेवतो. चक्राच्या सुरुवातीला बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या, अंडोत्सर्ग घडवणाऱ्या एलएच या संप्रेरकाला आवर घालते. मग मध्यावर तेच इस्ट्रोजेन एलएचची लाट का उसळवते? पाठ्यपुस्तक ‘ऋण’ आणि ‘धन’ असे दोन शब्द सांगून मोकळे होते. मेंदूत प्रत्यक्ष काय घडते, हे कृपया कोणी उलगडून सांगावे.

चंद्रकोर:
केतकीताई, इथे संप्रेरकाच्या प्रमाणाइतकाच त्याच्या टिकण्याचा कालावधी महत्त्वाचा आहे. रक्तातील इस्ट्राडायॉल दर मिलिलिटरला साधारण 200 पिकोग्रॅमच्या वर चढून तिथे जवळजवळ दोन दिवस टिकले, तरच लाट येते. थोडा वेळ चढून उतरले, तर काहीच होत नाही. पक्व होत आलेली पुटिकाच (बीजांड जिच्यात वाढते ती पिशवी) इतका काळ तेवढे इस्ट्रोजेन पुरवू शकते, त्यामुळे बीजांड तयार झाल्याची खबर मेंदूला आपोआप मिळते.

गंमत अशी, की मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील ज्या चेतापेशी जीएनआरएच (पीयूषिकेला एलएच सोडायला लावणारे संप्रेरक) सोडतात, त्यांच्यावर इस्ट्रोजेनचा मुख्य ग्राही (संप्रेरक ज्याला चिकटून काम करते तो रेणू), म्हणजे अल्फा ग्राही, नसतो. निरोप पोहोचवतात त्या किसपेप्टिन हा संदेशवाहक रेणू बनवणाऱ्या पेशी. उंदरांत त्यांचे दोन गट आहेत. इस्ट्रोजेनमुळे आर्क्युएट केंद्रकातील (हायपोथॅलॅमसमधील पेशींच्या एका पुंजक्यातील) गटाचे किसपेप्टिन घटते आणि त्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या गटाचे वाढते. किसपेप्टिनचा ग्राही सदोष असलेल्या व्यक्ती वयात येत नाहीत, हे 2003 मध्ये उघड झाले, तेव्हा या पेशींचे महत्त्व पटले.

रानवाट:
वरील मांडणी उंदरांपुरती पक्की आहे, परंतु माणसाला ती जशीच्या तशी लावू नये, असे माझे ठाम मत आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऱ्हिसस माकडिणींचे आर्क्युएट केंद्रक निकामी करून त्यांना बाहेरून दर तासाला जीएनआरएचचा एक ठोका, म्हणजे थोड्या वेळापुरती मात्रा, दिला. ठोक्यांचा वेग आणि मात्रा तसूभरही बदलली नाही, तरीही एलएचची लाट आली आणि अंडोत्सर्ग झाला. याचा अर्थ असा, की वानरकुळात इस्ट्रोजेन थेट पीयूषिकेवरही काम करते आणि त्याच जीएनआरएचला तिचा प्रतिसाद कित्येक पटींनी वाढवते. मेंदूने ठोका चालू ठेवणे मात्र अनिवार्य आहे, कारण याच गटाने जीएनआरएच अखंड दिले, तेव्हा एलएच आणि एफएसएच (पुटिका वाढवणारे पीयूषिकेचे संप्रेरक) दोन्ही खाली आले.

केतकी:
दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे मेंदूचा ठोका आणि पीयूषिकेचा कान, दोन्ही बदलतात, असे वर्गात सांगता येईल. चक्राच्या उत्तरार्धात ठोक्याचे काय होते?

चंद्रकोर:
रानवाट यांची दुरुस्ती मान्य. अंडोत्सर्गानंतर बीजांडकोशातून येणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक ठोक्याला लगाम घालते. आधी साधारण दीड तासाने पडणारा ठोका तीन-चार तासांवर जातो. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) असलेल्या पुष्कळ स्त्रियांत हा लगाम नीट बसत नाही, ठोके जलदच राहतात आणि जलद ठोके एफएसएचपेक्षा एलएचला झुकते माप देतात. त्यामुळे पुटिका अर्धवट वाढून थांबतात आणि पाळी लांबते. इन्सुलिनचाही यात मोठा वाटा आहे, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.