परसातल्या रानात काय दिसतं? एकच किडा घ्या आणि लिहा

घरामागे चार जुनी झाडं, खाली झुडपं आणि न झाडलेला पाचोळा असला की कीटकांना आणखी काही लागत नाही. बघणाऱ्याला मात्र फुरसत लागते. याद्या नकोत, 'आमच्याकडे अमुक इतकी फुलपाखरं' हेही नको. एखादं झाड किंवा एखादा किडा घ्या आणि तो काय करताना दिसला तेवढं लिहा. सुरुवात मी करते.

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली तर जरा थांबून ती हलते का बघा. लिंबावर वाढणाऱ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराची लहान अळी हुबेहूब तशीच दिसते. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते. गवताच्या काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा लालसर अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढे कमरेला रेशमाचा धागा बांधून फांदीला टेकते. हिरव्या पानांत असेल तर कोष हिरवा, वाळक्या काटकीवर असेल तर मातकट. कधीकधी त्या कोषाला भोक पडून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या बाहेर येतात. तेव्हा वाट बघत बसलेल्या मुलांची समजूत काढताना पंचाईत होते.

रुई राखणारी

रुई उपटून टाक, असं मला येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो. मी नाही टाकत. पट्टेरी अळ्या तिच्यावर कशा जेवतात ते बघण्यासारखं आहे. चीक चिकट आणि विषारी, म्हणून अळी आधी पानाची मधली शीर चावते, चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचा भाग खाते. तरी काही विष अंगात साठतंच, आणि तेच तिच्या कामी येतं, कारण पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत.

याच झुडपावर पिवळाधमक मावा (रस शोषणारे बारीक किडे) असतो. त्याच्या मागोमाग करड्या-काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी लांबट अळ्या येतात. ही ठिपक्यांच्या लाल भुंगेऱ्याची पोरं, आणि मावा खाण्यात आईबापांच्या तोडीस तोड. भुंगेरा सगळ्यांना आवडतो, पोरं कुणी ओळखत नाही आणि नेमकी तीच चिरडली जातात.

निवृत्त, म्हणून फुरसत

मधमाश्या झोपलेल्या पाहिल्यात का कुणी? दिवस मावळायच्या सुमारास कुंपणाजवळच्या वाळक्या काटक्या निरखून बघा. आमच्याकडे एक ठरलेली काटकी आहे. तिच्यावर निळ्या पट्ट्यांच्या माश्या एकेक करून येतात आणि जबड्याने काटकी घट्ट धरून आडव्या राहतात. पाय अंगाशी दुमडलेले, सगळा भार जबड्यावर. आधी जागेवरून थोडी ढकलाढकली होते, मग चिडीचूप. हे बहुतेक नर. माद्या जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत स्वतः कोरलेल्या बिळात असतात, नरांना घरच नसतं. दिवसा याच जातीच्या माद्या वांग्या-टोमॅटोच्या फुलाला बिलगून अंग थरथरवतात, आणि त्या थरथरीने पराग झडतात. ऊन अंगावर येईपर्यंत काटकीवरचे नर हलत नाहीत, तेव्हा फोटो सकाळी लवकर घ्या. उडत्या माशीचा फोटो काढणाऱ्याला आपला दंडवत.

रात्री जागणारा

पांढरी चादर दोरीवर टाका, समोर दिवा लावा, खुर्ची घ्या. बाकी काही करायचं नाही. वाळक्या पानासारखे, सालीसारखे, काटकीसारखे पतंग येऊन बसतात. अमावस्येच्या आसपास, दमट आणि वारा पडलेल्या रात्री गर्दी जास्त. जुलैच्या शेवटी नॅशनल मॉथ वीक, म्हणजे पतंग बघायचा आठवडा असतो, २०१२ पासून चालू आहे, तेव्हा सुरुवात करायला हरकत नाही. पाली आणि बेडूकही हजेरी लावतात, आणि त्यांना पाहुणचार करावाच लागतो.

काजव्यांच्या बाजूने

वरच्यांना विनंती, पावसाळ्याच्या तोंडाशी दिवा बंद ठेवा. काजवे एकमेकांना उजेडाने शोधतात, आपला बल्ब लागला की त्यांचा गोंधळ होतो. आणि गोगलगायी वेचून फेकू नका, काजव्यांच्या अळ्यांचं ते खाणं आहे.

रात्री जागणारा

मान्य. त्या दिवसांत चादर घडी करून कपाटात. एरवीही तास-दोन तासांनी दिवा घालवतोच, नाहीतर पतंग चादरीवरच अडकून पडतात.

पाचोळ्याबद्दल सावध

पाचोळा ठेवा म्हणणं सोपं आहे. भिंतीला लागून ठेवला तर उंदीर येतात, त्यांच्यामागे साप. आम्ही तो लांबच्या कोपऱ्यात झाडाखाली लोटतो. वाणी, गोमा, शेणकिडे तिथे सुखात आहेत, आम्ही घरात.

नाव शोधणाऱ्यांसाठी

आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ, २००८ पासून आहे) फोटो टाकणार असाल तर किड्याबरोबर झाडाचाही टाका, पानाची खालची बाजूही. अळी कुठल्या झाडावर आहे एवढ्यावरून अर्धं काम होतं.

एक प्रश्न

गुलाबाच्या पानांच्या कडेला अगदी गोल, कात्रीने कापल्यासारखे तुकडे गेलेत. अळी कुठेच सापडत नाही. काय फवारू?

रुई राखणारी

काही नको. ही पानकापी माशी. तुकडा पायांत धरून उडत जाते आणि बांबूच्या पोकळीत किंवा जुन्या लाकडाच्या भोकात त्याच्या गुंडाळ्या करते. प्रत्येक गुंडाळीत पराग-मधाचा गोळा आणि वर एक अंडं. पान ती खात नाही, तेव्हा फवारून तिचं काही बिघडत नाही, नेमकं फुलावर येणाऱ्या बाकीच्यांचं बिघडतं. भर दुपारी झाडासमोर बसा, कापताना दिसेल. एक तुकडा कापायला काही सेकंदच लागतात. गुलाबाला त्याने फुलं कमी येत नाहीत.