२ मिमी वरून थेट ६? नको गं

तू लिहिलंयस की कानात टनेल (पाळीचं भोक मोठं करून घालायचा पोकळ गोल दागिना) घालायचाय आणि पिअर्सिंग स्टुडिओवाला एकाच बैठकीत भोक २ मिमी वरून ६ वर न्यायला तयार आहे, तर प्लीज नको करूस. कानाच्या पाळीची कातडी हळूहळू सैल होते, एकदम ताणली की आतून फाटते आणि मागच्या बाजूने मांसाची कड बाहेर येते, त्याला ब्लोआउट म्हणतात. माझ्या डाव्या कानाला झालंय, परत लहान साइझ घातला, रोज आंघोळीनंतर जोजोबा तेलाने मसाज, चार महिने लागले बसायला.

आता एका वेळी १ मिमीच आणि मध्ये निदान दोन महिने गॅप, दुखलं तर अजून थांबते. टेपर (भोक ताणायची निमुळती दांडी) फक्त दागिना आत सरकवण्यापुरता, दागिना म्हणून घालून फिरायचं नाही. ताज्या स्ट्रेचमध्ये ॲक्रिलिक, सिलिकॉन नको, इम्प्लांट ग्रेड (शरीरात बसवायच्या दर्जाचं) टायटॅनियम नाहीतर काच घे, आणि स्टुडिओवाल्याला ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) दाखवा म्हणून सरळ विचार.

भोक नंतर मिटतं का विचारलंस ना, ८-१० मिमी च्या पुढे गेलं की बऱ्याचदा पूर्ण मिटत नाही, मग टाकेच. आजीची झुमक्यांनी ओघळलेली पाळी डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शिवली, तसंच.