वासरांच्या हगवणीवर कुड्याची साल : माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमच्या गोठ्यात दर पावसाळ्यात लहान वासरांना हगवण लागते. यंदा नवव्या दिवसाचं एक वासरू गेलं. पातळ, पिवळट-पांढरं शेण, शेपटी चिकटलेली, डोळे खोल गेलेले. डॉक्टर म्हणाले, ई. कोलाय जंतूंमुळे आतडं सुजलंय. पहिल्या दोन तासांत चीक पोटभर पाजा, गोठा कोरडा ठेवा आणि हगवण लागली की लगेच मीठ-साखरेचं पाणी सुरू करा, असं त्यांनी सांगितलंय. ते करतोच आहोत.

आमची आजी हगवणीवर कुड्याच्या झाडाच्या सालीचा काढा द्यायची. सालीत कोनेसीन नावाचा औषधी घटक असतो, एवढं वाचलंय. पण रानात पांढरा कुडाही आहे आणि काळाही. काळ्याच्या जोडशेंगा टोकाला जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. औषधी साल पांढऱ्याची, ती कडूजहर. हे बरोबर ना?

तीसेक किलोच्या वासराला काढा किती आणि किती दिवस द्यावा? आजार येण्याआधी दिला तर आतड्याचं रक्षण होतं का? डॉक्टरांच्या गोळ्यांसोबत चालतो का? कोणी स्वतः दिला असेल किंवा पशुवैद्य असाल तर कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात दुसरी गाय विणार आहे.