लहान मुलं एवढं मोठं गुपित पोटात कशी ठेवत असतील?

सहावीच्या बाई:
परवा मोकळ्या तासाला दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला. जर्मनांच्या ताब्यातल्या गावांत काही मुलांनी आपल्या ज्यू मित्रांना लपवायला मदत केली, असं मी सांगितलं. एका मुलाने लगेच विचारलं, "बाई, धाकटी भावंडं बाहेर बोलत नसतील? आमची छकुली तर घरातलं सगळं शेजारी सांगून येते." ती मुलं शूर होती, एवढ्यावर मला त्याची बोळवण करायची नाही. एखाद्या खऱ्या मुलाची माहिती कुणी द्याल का?

चाळकरी:
बाई, त्याला हेलेना पोदगुर्स्काबद्दल सांगा. पोलंडमधलं प्शेमिस्ल गाव. हेलेना तेव्हा सहा-सात वर्षांची, म्हणजे छकुलीएवढीच असेल. आईला आणि भावाला जर्मनांनी मजुरीसाठी नेलेलं. घरात ती आणि थोरली बहीण स्तेफानिया, दोघीच. थोरली पूर्वी एका ज्यू कुटुंबाच्या वाणसामानाच्या दुकानात कामाला होती. त्या घरातल्या एका मुलाने मृत्युछावणीकडे निघालेल्या गाडीतून उडी टाकली आणि तो यांच्या दारात आला. मग आणखी माणसं येत गेली. शेवटी तातारस्का रस्त्यावरच्या घराच्या माळ्यावर, खोट्या भिंतीमागे 13 जण होते.

आता माझं ऐका. आमच्या चाळीत नळ खाली आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पाच माणसांना दिवसाला बारा कळशा लागायच्या, त्यातल्या चार माझ्या. आईची सक्त ताकीद होती, कळशी हिंदकळता कामा नये. त्या बहिणींच्या घरात नळ नव्हता, पाणी बाहेरून. थोरली दिवसभर कारखान्यात, म्हणजे खेपा कुणाच्या वाट्याला आल्या असतील ते बघा. आणि दोन मुलींच्या घरात पंधरा जणांचं पाणी जातंय हे शेजारणीच्या नजरेत येऊ द्यायचं नाही. घाणीच्या बादल्याही खाली न्यायच्याच की. वाचताना माझे हात भरून आले.

1944 मध्ये त्याच घरातली एक खोली जर्मन नर्सेससाठी घेतली गेली. खाली त्या राहतात, वर तेरा माणसं श्वास धरून, असं काही महिने चाललं. जुलै 1944 च्या अखेरीस रशियन सैन्य आलं. तेराही जण जिवंत उतरले.

छकुली का बोलली नसती, याचं मला वाटतं ते सांगते. ज्यूंना आसरा देणाऱ्याला तिथे मृत्युदंड होता, तेवढं त्या वयालाही कळतं. पण त्याहून मोठं म्हणजे हेलेनाकडे काम होतं. नुसतं "कुणाला सांगू नकोस" म्हटलं की पोर सांगतं. जी रोज स्वतः पाणी भरते, ती त्या घराची कर्ती होते.

ल्योंकर:
मी फ्रान्समध्ये ल्योंला राहते. आमच्या इथून फार लांब नाही, असं ल शांबों-सुर-लिन्यों हे डोंगरातलं गाव आहे. तिथे ज्यू मुलं शाळेत इतरांच्याच बाकावर बसायची. 1942 च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये ज्यूंची मोठी धरपकड झाली. ऑगस्टमध्ये, जर्मनांना साथ देणाऱ्या फ्रेंच सरकारच्या युवक खात्याचा प्रमुख गावात आला, तेव्हा मोठ्या विद्यार्थ्यांनी त्याच्या हातात पत्रच ठेवलं: आमच्यात ज्यू सोबती आहेत, आम्ही भेद करत नाही, त्यांना न्यायचा हुकूम आला तर आम्ही त्यांना लपवू. हेलेनाने तोंड मिटून जे केलं, ते यांनी सांगून केलं. तेही मुलांना सांगा.

सहावीच्या बाई:
सांगितलं. चाळकरीताई, शनिवारी शाळेच्या टाकीवरून भरलेली बादली पोरांना वर्गात आणायला लावली. एका मजल्यात अर्धी सांडली. मग फळ्यावर पंधरा माणसांच्या खेपांचा हिशेब मांडला. हिशेब संपला तरी तो मुलगा उभाच. "बाई, तिला ताप आला असेल त्या दिवशी पाणी कुणी आणलं?"