यंत्रमाग कामगारांची जिज्ञासा मोजायची कशी?

टॉवेलवाला: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल युनिट, 40 माणसं. शिकायची हौस कुणाला आहे ते मोजायचंय. प्रश्नावली कोणती घ्यावी?

ताणाबाणा: मानसशास्त्रज्ञ टॉड कॅशडन व सहकाऱ्यांची जिज्ञासेची 2018ची. पाच पैलू, 25 विधानं, 1 ते 7 गुण. 'ताण पेलणं' या पैलूची पाचही विधानं उलटी असतात, तिथे 8मधून गुण वजा करा. विसरलात की निकाल बोंबलला. पाच पैलूंची सरसकट सरासरी नको. तेलुगू बोलणाऱ्या कामगारांसाठी तेलुगूतही छापा. नाव विचारलंत तर सगळे 7च देतील!

मुकादम: कागदापेक्षा माग बघा. धागा तुटला की कोण नुसती गाठ मारतो, नि कोण 'इथंच का तुटतोय?' म्हणत फणी चाचपतो? महिनाभर वहीत टिपा. पण मजुरी नगावर असेल तर विचारायला थांबणं म्हणजे पैसे बुडवणं, मग गप्पच राहणार.

टॉवेलवाला: नगावरच आहे. आठवड्याला अर्धा तास पगारी देऊन तेव्हा टिपतो.